सृष्टीतील कर्तृत्व आणि जीवाचे प्रातिभ ज्ञान

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराळ मुलखाजवळ, जयदेववाडीचे स्थान आहे. पंथातील उपदेशी मंडळी आणि साधक या स्थानास 'जाळीचा देव' या नावानेच अधिक ओळखतात. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी येथील जाळीत वाघाच्या पिल्लांशी क्रीडा केली, अशी या स्थानाची परंपरा आहे. यात्रेकरू नमस्कार करतो, स्थानाची महती ऐकतो आणि पुढे जातो. परंतु विचार करणाऱ्या श्रोत्याच्या मनात येथे एक शंका सहज उद्भवते. त्या पिल्लांना समोर कोण आहे याचे ज्ञान झाले काय? झाले असल्यास ते कोणी दिले? आणि झाले नसल्यास, जन्मजात हिंस्र स्वभावाचे ते पशू निःशंक कसे झाले?

या शंकेची दोन उत्तरे दिली जातात. सृष्टी ही अंतर्यामी जाणती आहे, तिने आपल्या स्वामीस ओळखले, असे एक पक्ष म्हणतो. हे उत्तर कानाला गोड लागते आणि कीर्तनात शोभते. दुसरा पक्ष म्हणतो की पिल्लांनी काहीच ओळखले नाही. श्रीमूर्तीच्या ठिकाणी जी वेधशक्ती आहे तिने त्यांचा स्वभाव तेवढ्यापुरता आवरला गेला. वरवर पाहता हा भेद एका लीळेच्या अर्थापुरता आहे. वस्तुतः त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातील एक फार जुना प्रश्न आहे. सृष्टीच्या ठिकाणी स्वतःचे असे निर्माणसामर्थ्य आहे काय, आणि असल्यास जीवाला अनुमानाचा आधार न घेता, शब्दाचे साह्य न घेता, त्या सामर्थ्याचे साक्षात् ज्ञान होऊ शकते काय?

साधकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. आचारधर्म त्याला गावाची, गोताची, ओळखीच्या मुलखाची संगती सोडून दूर देशी झाडातळी आयुष्य घालवावयास सांगतो. अटन आणि विजन हे त्याचे नित्याचे जीवन. अशा मनुष्याचा सहवास माणसांपेक्षा झाडे, ओढे, पाखरे यांच्याशीच अधिक घडणार. मग चैत्रात निंबाला पालवी फुटते तेव्हा त्याच्या चित्ताला जो उल्हास होतो, त्याचे करावयाचे काय? तो मोह म्हणून झटकून टाकावा, की ज्ञानाचे चिन्ह म्हणून जपावा? जुन्या जाणत्या महात्म्यांपैकी काहींचा कल पहिल्या बाजूला असतो, तर वाचनाची आवड असलेल्या तरुण साधकांचा बहुधा दुसऱ्या. दोन्ही पक्ष थोडे घाईने बोलतात.

ज्ञान अंशाचे आणि ज्ञान समग्राचे, हा भेद पंथाच्या अभ्यासकाला नवा नाही. केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांत हत्तीचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. जन्मांध माणसे हत्ती पाहावयास जातात. ज्याचा हात पायाला लागतो त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याचा कानाला लागतो त्याला सुपासारखा. प्रत्येकाचा स्पर्श खरा आहे. खोटे कोणीच बोलत नाही. तरीही सर्वांचे स्पर्श एकत्र केले म्हणून हत्ती तयार होत नाही. खांब, सूप आणि इतर सर्व वस्तू एका ठिकाणी मांडल्या तर ती अडगळीची खोली होईल. डोळस मनुष्य मात्र हत्ती आधी पाहतो आणि मग कोणाचा हात कोठे लागला हे सांगतो. त्याच्या ज्ञानाची गती समग्राकडून अंशाकडे आहे आणि आंधळ्यांची अंशाकडून समग्राकडे आहे. हा क्रमाचा भेद फार महत्त्वाचा आहे, आणि दृष्टांत वाचताना तो नेमका निसटतो. आंधळ्यांचा वाद हास्यास्पद वाटतो म्हणून वाचक तेथेच थांबतो.

योगायोगाची गोष्ट अशी की युरोपातील तत्त्वचिंतकांनाही अठराव्या शतकाच्या अखेरीस याच क्रमाने अडविले. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात असे प्रतिपादन केले की मानवी बुद्धी ही अंशाकडून समग्राकडे जाणारी आहे. समग्र आधी पाहून त्यातून अंश जाणणारी एखादी बुद्धी कल्पनेत आणता येते, तिची कल्पना करण्यात विरोध नाही. पण ती माणसाला लाभलेली नाही. दृष्टांताच्या परिभाषेत सांगावयाचे तर कांट म्हणतो की डोळस असू शकेल, परंतु या गावात तो नाही. त्याच वर्षी, १७९० मध्ये, कवी गटे याचा वनस्पतींच्या रूपांतराविषयीचा छोटासा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन वर्षे, १७८७ मध्ये, तो सिसिली बेटावरील पालेर्मो शहराच्या वनस्पती-उद्यानात हिंडत होता. झाडाचे पान, फुलाची पाकळी, पुंकेसर हे वेगवेगळे अवयव नसून एकाच मूळ अवयवाची ही रूपांतरे आहेत, हे त्याला दिसले. तर्काने काढले असे तो म्हणत नाही. पाहता पाहता दिसले, असे त्याचे म्हणणे. १७९४ मध्ये येना गावी त्याने हे मित्रवर्य शिलर याला रेखाटून दाखविले, तेव्हा कांटचा अभ्यासक असलेल्या शिलरने मान हलविली आणि हा अनुभव नव्हे, ही कल्पना होय, अशा आशयाचे उत्तर दिले. गटेला ते लागले. आपल्या कल्पना आपल्याला डोळ्यांनी दिसतात ही तर आनंदाचीच गोष्ट, असा त्याच्या प्रत्युत्तराचा रोख होता.

गटेच्या पाठीशी स्पिनोझा हा तत्त्ववेत्ता होता. स्पिनोझाच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एथिक्स' या ग्रंथात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐकीव व इंद्रियजन्य असे पहिले, युक्तिवादाने होणारे दुसरे, आणि वस्तूचे स्वरूप एकदम जाणणारे तिसरे. त्याने प्रकृतीकडेही दोन अंगांनी पाहिले. एक घडलेली प्रकृती, म्हणजे झाडे, डोंगर, शरीरे. आणि दुसरी घडविणारी प्रकृती. ही घडविणारी प्रकृती म्हणजेच ईश्वर, असा त्याचा सिद्धान्त आहे. या सिद्धान्तापाशी महानुभावीय अभ्यासकाने सावध व्हावयास हवे, कारण येथून पुढे वाटा फुटतात.

गटेच्या दर्शनाबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्याला जे दिसले ते कविकल्पना ठरले नाही. १९९१ मध्ये कोएन आणि मायेरोविट्झ या दोन शास्त्रज्ञांनी फुलांच्या अवयवांचे नियमन करणाऱ्या जनुकांच्या तीन वर्गांचा सिद्धान्त मांडला. हे तिन्ही वर्ग निकामी केले असता फुलाच्या ठिकाणी पाकळ्या व केसर न येता पानासारखेच अवयव येतात, हे प्रयोगातून दिसून आले आहे. दोनशे वर्षांपूर्वी उद्यानात हिंडणाऱ्या एका माणसाला जे एका दृष्टिक्षेपात दिसले, ते प्रयोगशाळेत सिद्ध व्हावयास दोनशे वर्षे लागली. तेव्हा असे साक्षात् ज्ञान संभवतच नाही, तो केवळ चित्ताचा भ्रम आहे, असे म्हणणाऱ्या पक्षाला येथे माघार घ्यावी लागते.

पण ते ज्ञान कशाचे?

यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्याच्या मोसंबीच्या बागांत हाच प्रश्न दरवर्षी हिवाळ्यात उभा राहतो. आंबे बहार धरावयाचा असेल तर बागाईतदार पावसाळा सरल्यावर झाडांचे पाणी तोडतो. यास ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत सुमारे महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ झाड तहानलेले ठेवावे लागते. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग आळ्यात पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी पांढरे होते. ताण अपुरा पडला तर नुसती पालवी फुटते, फूल येत नाही. ताण अधिक झाला तर झाड खचते, आणि मग पुढील कित्येक हंगामांचे नुकसान होते. पाणी कोणत्या दिवशी सोडावयाचे, हे पुस्तकात दिवस मोजून सांगितलेले असते. कृषी विद्यापीठाचे सल्लेही असतात. परंतु जुना बागाईतदार बागेत शिरतो, ओळीतून चालतो, पानाला हात लावतो आणि म्हणतो, 'अजून चार दिवस.' कशावरून, असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. पानाचा रंग, गळीचे प्रमाण, मातीची भेग, पहाटेची थंडी, या सर्वांची त्याने बेरीज केलेली नसते. झाड त्याला एकदम कळते.

हे प्रातिभ ज्ञान होय. यात अनेक वर्षांचा अभ्यास मुरलेला आहे, म्हणून ते प्रातिभ नव्हे असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकत नाही. अभ्यास हे त्याचे निमित्त आहे. ज्या क्षणी ते होते त्या क्षणी त्यात पायऱ्या नाहीत. शिवाय या बागाईतदाराच्या ज्ञानात आणखी एक विशेष आहे. फूल आपण आणीत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याने केले काय? पाणी तोडले आणि पाणी सोडले. बहार ज्याने फुटतो ते सामर्थ्य त्याच्या हातात नाही, त्याच्या फावड्यात नाही, पाटाच्या पाण्यातही नाही, कारण तेच पाणी बाभळीला दिले तर मोसंबी लागत नाही. सृष्टीच्या ठिकाणी काही कर्तृत्व आहे हा अनुभव त्याला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाशिवाय दरसाल येतो.

येथे सांख्य म्हणतील की हे तर आमचेच मत झाले. प्रकृती जड आहे तरी प्रवृत्त होते. वासरासाठी अचेतन दूध जसे पान्हावते, तशी ती पुरुषासाठी सृष्टी करते. या दृष्टांतावर वेदान्त्यांनी पूर्वीच बोट ठेवले आहे. दूध आपण होऊन पान्हावत नाही. गाईचे वात्सल्य त्याच्या मागे असते; वासरू मेले की कास आटते, हे गुराख्यालाही माहीत आहे. महानुभाव सिद्धान्त या आक्षेपाशी सहमत होतो, पण वेदान्त्यांच्या निष्कर्षाशी नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व अनादी आहेत. पंचमहाभूते आणि त्रिगुण यांनी बनलेला प्रपंच कारणरूपाने नित्य असला तरी कार्यरूपाने अनित्य व सर्वथा जड आहे. त्याला स्वतःची प्रवृत्ती नाही. परमेश्वराच्या प्रवृत्तीने, जीवोद्धाराच्या हेतूने, देवतांत श्रेष्ठ अशी चैतन्य माया सृष्टिरचना करते आणि तिच्या खालील देवताचक्र ज्याचे त्याचे कार्य चालविते. म्हणजे मोसंबीच्या झाडात बागाईतदाराला जे सामर्थ्य जाणवते ते काल्पनिक नाही. ते झाडाचे नाही आणि परमेश्वराचेही थेट नाही. ते देवताशक्तीचे आहे, आणि देवता तर नित्यबद्ध.

स्पिनोझाची घडविणारी प्रकृती आणि पंथाची देवतासृष्टी यांतील अंतर येथे स्पष्ट होते. स्पिनोझा ज्याला ईश्वर म्हणतो त्याला सूत्रपाठाचा अभ्यासक माया म्हणेल, आणि तिच्यापलीकडे अजून कोणी आहे असे सांगेल. यात स्पिनोझाचा अधिक्षेप नाही. त्याने पाहिले ते खोटे पाहिले असे नव्हे. देवतांचे वैभव हेही वैभवच आहे, त्यांचे सुखही सुखच आहे. मात्र ते सुख मोक्ष नव्हे. जीवाला बद्धापासून मुक्त होण्याची योग्यता आहे, म्हणून तो बद्धमुक्त. ज्या शक्तीला स्वतःलाच ती योग्यता नाही तिच्या दर्शनाने त्याची सुटका कशी होणार?

प्रातिभ ज्ञानाच्या मर्यादेबद्दल भारतीय शास्त्रकारांनी जे सूक्ष्म विवेचन केले आहे ते या ठिकाणी उपयोगी पडते. वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात भर्तृहरी प्रतिभेचा विचार करताना पशुपक्ष्यांकडे वळतो. वसंतात कोकिळेचा स्वर कोण बदलतो, प्राण्यांना घरटी व जाळी विणावयास कोण शिकवितो, असे तो विचारतो. त्याच्या मते हीही प्रतिभाच. याचा अर्थ असा की प्रतिभा ही मनुष्याची किंवा ज्ञानी जीवाची खास मिरास नाही. सुगरण पक्ष्यालाही ती आहे. आणि सुगरण घरटे कितीही सुंदर विणो, त्यामुळे तिला स्वतःचे किंवा परमेश्वराचे ज्ञान झाले असे कोणी म्हणत नाही. योगसूत्रांच्या विभूतिपादात तर एक लक्षणीय दुहेरी वचन आढळते. एके ठिकाणी प्रातिभ ज्ञानाने सर्व काही कळते असे म्हटले आहे, आणि भाष्यकार त्याला सूर्योदयापूर्वीच्या प्रभेची उपमा देतो. थोड्याच अंतरावर प्रातिभादी ज्ञाने ही समाधीतील विघ्ने होत असे सांगितले आहे. या दोन विधानांत विरोध नाही. झुंजुमुंजू झाले म्हणजे दिवस उगवणार हे कळते. परंतु झुंजुमुंजूलाच दिवस समजून जो वाटेवरच थांबला त्याची मजल हुकते.

जयदेववाडीच्या जाळीतील पिल्लांचा प्रश्नही या भूमीवरून पाहता सुटतो. पशूंना जन्मजात जे कळते ते देवताशक्तीने कळते. भूक, भय, वास, शत्रू. परमेश्वराला ओळखण्याचे सामर्थ्य त्या कळण्यात नाही. असते तर वाघाच्या प्रत्येक पिल्लाचा उद्धार झाला असता. जाळीतील घटनेत कर्तृत्व जाळीचे किंवा पिल्लांचे नाही. ते श्रीमूर्तीचे आहे. पहिला पक्ष सृष्टीची स्तुती करता करता लीळेचा कर्ता बदलून टाकतो, हा त्यातील दोष.

लीळाचरित्रात स्वामींच्या सन्निधानाने अनेक भक्तांना स्थिती झाल्याचे प्रसंग आहेत. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास हे प्रसंग गोळा केले ते ज्यांच्यावर ते ओढवले होते त्यांना व त्यांच्या निकटवर्तीयांना विचारून, म्हणून त्यांचे मोल मोठे. स्थितीचा आनंद साक्षात् परमेश्वरसंबंधाने झालेला होता, झाडाच्या किंवा डोंगराच्या दर्शनाने नव्हे. तरीही ती स्थिती टिकली नाही, भंगली, असे प्रसंगही तेथेच नमूद आहेत. आणि स्वामींनी तेवढ्यावर न थांबता निरूपण केले, प्रश्नांची उत्तरे दिली, आचार सांगितला. वेधाच्या जोडीला बोध ठेवला. शाब्द ज्ञानाहून अपरोक्ष ज्ञान वरचे खरे, परंतु शाब्दाला टाळून अपरोक्षाची अपेक्षा करणे हे पंथमार्गाला धरून नाही. प्रत्यक्ष परमेश्वराच्या वेधालाही जर बोधाची जोड लागली, तर नदीकाठच्या एका सायंकाळी चित्त भरून आले, एवढ्याने आपले कार्य झाले असे साधकाने कसे समजावे? आजकाल काही ठिकाणी 'निसर्ग हाच माझा ग्रंथ' असे म्हणून पोथी बाजूला ठेवण्याची रीत दिसते. पोथी न वाचण्याला इतके सुंदर निमित्त पूर्वीच्या आळशांना सुचले नव्हते.

याच्या उलट, सृष्टीच्या दर्शनाची भीती बाळगणाऱ्यांनाही पंथाच्या वाङ्मयाचा इतिहास उत्तर देतो. भास्करभट्ट बोरीकरांनी शिशुपालवध रचला. काव्य उत्तम साधले, पण शृंगाराने ओथंबलेले. निवृत्तिमार्गी पुरुषाच्या उपयोगाचे ते नाही, असा अभिप्राय गुरुबंधूने दिल्याची कथा परंपरेत प्रसिद्ध आहे. कवीने तो अभिप्राय मनाला लावून घेतला आणि भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता रचली. ही कथा सांगताना बहुधा एवढेच सांगितले जाते की कवी सौंदर्याकडून वैराग्याकडे वळला. परंतु तो वळला कोणत्या ग्रंथाकडे? ज्या एकादश स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत त्या स्कंधाकडे. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र, मधमाशी, अजगर, कबूतर, हरिण, मासा, कोळी. म्हणजे सृष्टी सुटली नाही. तिच्याकडे पाहण्याची रीत बदलली. आणि अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयप्रभू, ही परंपरेची धारणा लक्षात घेता पंथाच्या दृष्टीने या प्रसंगाचे वजन वाढते.

या चोवीस गुरूंची यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील काही अनुकरणासाठी आहेत, काही सावध करण्यासाठी. पृथ्वीपासून सहनशीलता घ्यावयाची, झाडापासून परोपकार घ्यावयाचा. पण पतंगापासून रूपाच्या मोहाने जळून जाणे घ्यावयाचे नाही, हरिणापासून गाण्याला भुलणे घ्यावयाचे नाही. काय घ्यावे आणि काय टाकावे हे सृष्टीने सांगितले काय? नाही. अवधूताने बुद्धीने गुरू केले, असे तेथे स्पष्टच आहे. पतंग आपल्या दिव्याकडे जातो तोही प्रतिभेनेच जातो, सहज, विचार न करता, संपूर्ण देहाने. सृष्टीशी एकरूप होणे हेच जर ज्ञान असेल तर पतंगाहून मोठा ज्ञानी कोण?

आता या विचारातील सर्वांत अवघड भाग. २०१२-१३ साली जालना जिल्ह्यात दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, बोअर कोरडी पडली. पंधरा-वीस वर्षे मुलासारख्या जपलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी आधी टँकरने पाणी आणून जगविण्याचा प्रयत्न केला आणि तो हाताबाहेर गेल्यावर अनेकांनी त्या कुऱ्हाडीने तोडल्या. जो मनुष्य दरवर्षी ताण देत होता, त्याच्यासमोर तो ताण आला जो तोडणे त्याच्या हाती नव्हते. सृष्टीला निर्माणशील म्हणणाऱ्या प्रत्येक तत्त्वज्ञानाने या माणसापुढे उभे राहून बोलून दाखविले पाहिजे. विश्व हे चैतन्याचा विलास आहे, ही अमृतानुभवातील दृष्टी उदात्त आहे, आणि मराठी भाषेने तिच्याहून उंच झेप क्वचितच घेतली असेल. पण विलास म्हटला की वाळलेले झाडही विलासात येते. जो स्वतः त्या पदाला पोहोचला त्याला ते म्हणण्याचा अधिकार असेल. ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याला ते दुसऱ्याने सांगणे हे क्रौर्य होते.

महानुभावीय प्रवचनकाराने यावर समाधानाने हसू नये, कारण त्याच्या हातूनही असेच क्रौर्य घडू शकते, आणि घडते. 'तुमचे कर्म, देवतांनी फळ दिले', एवढे बोलून जो उठून जातो त्याने सिद्धान्त बरोबर सांगितला, पण ज्या परमेश्वराचा सिद्धान्त सांगितला त्याचा स्वभाव तो विसरला. शिकाऱ्यांच्या पुढून धावत आलेला ससा स्वामींच्या आसनाशी शिरला तेव्हा स्वामींनी त्याच्या पूर्वकर्माचे निरूपण केले नाही. त्याला आसरा दिला, शिकाऱ्यांना समजाविले आणि मग सोडले. कर्मविचार हा स्वतःच्या दुःखाला लावण्याचा आहे. दुसऱ्याच्या दुःखाला लावण्याचा विचार कृपेचा. प्रपंच जड आहे, अनित्य आहे, हा सिद्धान्त एका अर्थी त्या शेतकऱ्याला न्याय देतो, कारण वाळलेले झाड त्याला वाळलेलेच म्हणू देतो. त्यात परमेश्वराची लीला शोधण्याची सक्ती करीत नाही. हानीला हानी म्हणण्याची मोकळीक अद्वैताच्या मोठमोठ्या ग्रंथांतही सहजी मिळत नाही.

साधकाच्या मूळ प्रश्नाकडे वळताना बागाईतदाराला बरोबर घेणे इष्ट आहे. एखादा महात्मा दुपारी झाडाखाली बसला, झाड पाहून त्याचे चित्त निवले, तर त्याने त्या झाडाची सावली जाणली. झाड जाणले असे म्हणता येत नाही. झाड जाणले ते ताण देणाऱ्याने. साधकाने या बाबतीत नम्र असावे हे बरे. परंतु बागाईतदाराच्या ज्ञानाला एक कड आहे. ते फळाच्या दिशेने वळलेले आहे. त्याला झाड समग्र दिसते ते बहाराच्या प्रयोजनातून, आणि प्रयोजन संपले की तेच झाड सरपण दिसते. कवीला झाड दिसते ते रसाच्या दिशेने. शास्त्रज्ञाला नियमाच्या दिशेने. आचारधर्माने साधकाला झाडातळी बसविले आणि त्याच वेळी त्या झाडावरचा हक्क काढून घेतला. फांदी मोडावयाची नाही, जागा आपली म्हणावयाची नाही, ओळख जडण्यापूर्वी उठावयाचे. ज्याला घेणे नाही अशा माणसाला झाड कसे दिसेल, हा प्रयोग पंथ सातशे वर्षांहून अधिक काळ करीत आला आहे. त्या दर्शनात जो उल्हास होतो तो झटकण्याचे कारण नाही. त्याला देवतासुख म्हणून ओळखावे, त्याच्या ठिकाणी थांबू नये, आणि त्यातून जी एक गोष्ट मागे उरते ती जपावी, म्हणजे दुसऱ्या वेळी पाऊल टाकताना मुंगी दिसते.

दुष्काळानंतर तोडलेल्या काही बागांत पुढील पावसाळ्यात बुडखे फुटले. मोसंबीचे कलम जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असते. कुऱ्हाड कलमाच्या सांध्याखाली बसली असेल तर जी फूट येते ती खुंटाची, काटेरी, आंबट फळाची. नवख्याला ती हिरवी फूट पाहून बाग जगली असे वाटते. जाणता शेतकरी पान चुरून वास घेतो आणि कोणाची फूट ते सांगतो.